जमीनच दिली नाही, मशिनरी उभी; क्लेम करू का?

प्रश्न: हायवे चौपदरीकरणाचं काम घेतलंय, भूसंपादन अडकल्यामुळे मधला पट्टा सात महिने ताब्यातच मिळाला नाही, पोकलेन-डंपर नुसते उभे. आता काम देणारे मुदतवाढ देतो म्हणतात, पण 'भरपाई मागणार नाही' असं हमीपत्र मागतायत. देऊ का? (एक कंत्राटदार)

उत्तर: घाईत सही करू नका हो! मुदतवाढीने फार तर दंड टळतो, उभ्या मशिनरीचे पैसे हा वेगळा विषय. १८७२च्या करार कायद्याचं कलम ५५ बघा, उशीर मान्य करतानाच भरपाई मागणार अशी नोटीस दिली नाही तर नंतर मागता येत नाही, म्हणून पत्र आजच द्या, करारात नोटिशीची मुदत किती दिलीय तेही बघा. बाकी खरी लढाई कागदाची. साइट डायरी, लॉगबुक, भाड्याची बिलं आणि त्यांच्या साइट इंजिनीअरची सही असलेला जॉइंट रेकॉर्ड (दोन्ही बाजूंची एकत्र नोंद), हे नसेल तर आर्बिट्रेटरसमोर (वाद सोडवणाऱ्या लवादासमोर) तुमचा आकडा हवेतच राहतो (साहेब सही देत नसतील तर रोज ईमेल टाका, कंटाळून का होईना वाचतील). करारात आधी कन्सिलिएशन (तडजोडीची बोलणी) असेल तर ती पायरी गाळू नका, पण चहापाण्याच्या मीटिंगांत वर्षं घालवू नका, क्लेमचा हक्क निर्माण झाल्यापासून साधारण ३ वर्षांच्या आत आर्बिट्रेशनची नोटीस समोरच्याला पोचलीच पाहिजे.