ग्वाकामोले: चटणी, भरीत की आणखी काही?

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एक ताई विचारतात: ‘सुनेनं घरी ॲव्होकाडो चेचून ग्वाकामोले केलं. ती त्याला चटणी म्हणते, मुलगा डिप म्हणतो. मी भरीत म्हटलं तर दोघंही हसले. बरोबर कोण? आणि ते तो, ती की ते? शिवाय वाटीत बी ठेवली की काळं पडत नाही म्हणतात, हे खरं का?’

ताई, आधी डिप निकालात काढू. बुडवणं ही खाणाऱ्याची कृती झाली, ते पदार्थाचं नाव नव्हे. पोळीचा तुकडा वरणात बुडवला म्हणून वरणाला कोणी डिप म्हणत नाही. चटणी तर मला मुळीच मान्य नाही. अलकापुरीतल्या कॅफेंच्या पाट्यांपासून मोबाईलवरच्या रीलपर्यंत ‘ॲव्होकाडो चटणी’ ऐकून कान किटले आहेत. चटणी चाटण्यातून आली. ती ताटाच्या डाव्या बाजूला, बोटभर. हे वाटीभर खातात आणि पुन्हा मागतात. डाव्या बाजूचं प्रमाण ज्याला लागू पडत नाही, त्याला चटणी म्हणू नये.

तुमचं भरीत त्यातल्या त्यात जवळचं. हसणाऱ्यांनी हसण्याआधी विचार करायला हवा होता. पण भरताला आच लागते. वांगं भाजा नाहीतर भोपळा उकडा, विस्तवाशिवाय भरीत होत नाही. इथे सगळं कच्चं. शेजारच्या गुजराती बेन कदाचित ‘ओळो’ म्हणतील आणि त्याच अडचणीत सापडतील, कारण ओळ्याचं वांगंही आधी निखाऱ्यावर जातं. कचुंबर म्हणावं तर कचुंबरात फोडी शाबूत राहतात. म्हणजे निम्मं ओळो, निम्मं कचुंबर.

आणि ‘ग्वाकामोल’ म्हणणाऱ्यांसाठी एक ओळ: शेवटचा ‘ए’ उच्चारायचा असतो. मोल म्हणजे आपल्याकडे किंमत. ॲव्होकाडोचा भाव पाहता चूक समजण्यासारखी आहे, पण चूक ती चूकच.

आता मूळ शब्द. मेक्सिकोतली नाहुआत्ल ही ॲझ्टेक लोकांची भाषा. ती मेलेली नाही, आजही पंधरा लाखांहून अधिक लोक बोलतात. तिच्यात फळाचं नाव ‘आवाकात्ल’ आणि पदार्थाचं ‘आवाकामोल्ली’. समास होताना पहिल्या पदाचा ‘त्ल’ गळतो, जसा आपल्या ‘राजपुरुष’मध्ये राजन् मधला न् गळतो. स्पॅनिश लोकांनी सुरुवातीच्या ‘वा’ला ‘ग्वा’ केलं, ‘त्ल’चं ‘ते’ केलं, ‘ल्ली’चं ‘ले’ केलं. म्हणून टोमात्लचं टोमाते झालं, मोल्लीचं मोले झालं आणि आवाकात्लचं आग्वाकाते.

प्रश्न मोल्लीचा आहे. पाककृती सांगणारे एकजात ‘मोल्ली म्हणजे सॉस’ लिहून मोकळे होतात. सॉस हा शब्द मराठी स्वयंपाकघरात आला तो बाटलीतून. त्यानं अर्थ कळत नाही, फक्त टोमॅटो आठवतो. मोल्लीत काय काय येतं पाहा. आवाकामोल्लीसारखं घट्ट, जवळजवळ कोरडं मिश्रणही येतं आणि टर्कीच्या मांसावर ओततात तो मिरच्यांचा दाट, काळपट रस्साही येतो. मेक्सिकोत त्या रश्श्याला आजही मोले म्हणतात. घट्ट असो की पातळ, मक्याच्या भाकरीबरोबर ज्यानं घास उतरतो ते मोल्ली. मराठीत याला नेमका शब्द आहे आणि तो आपण गावाकडे ठेवून आलो आहोत: कालवण. कालवणे या क्रियापदातून आलेलं, भात-भाकरीला ओलावा देणारं, जाड-पातळ दोन्ही चालणारं. कोकणातली मंडळी म्हणतील, कालवण तर माशाचं. अहो, टर्कीचं होतं तर माशाचं का नाही होणार? उलट तुमचं माशाचं कालवण माझ्याच बाजूनं साक्ष देतं. ग्वाकामोले म्हणजे ॲव्होकाडोचं कालवण, झालं.

यावर एका जाणत्या गृहस्थांनी मला ‘लोणीफळाची कोशिंबीर’ सुचवली आहे. लोणीफळ ही कानडी ‘बेण्णे हण्णू’ची नक्कल, आणि ती नक्कल करायला माझी हरकत नाही. पण कोशिंबीर का? कोशिंबिरीत काही चेचत नाहीत. परक्या शब्दाला प्रतिशब्द शोधायचा तर १९३१चा ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ उघडून बघावा. बडोदा राज्याच्या कारभारासाठी तो सयाजीरावांनी करून घेतला. त्यात स्वयंपाकघराला जागा नाही, पण पद्धत पाहण्यासारखी: गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी असे शब्द शेजारी शेजारी मांडले आहेत, म्हणजे कोणता नेमका बसतो ते डोळ्यांना दिसतं. माझ्या गृहस्थांनी भाषा एकच उघडली आणि तीही अर्धी.

ॲव्होकाडोचा मूळ अर्थ अंडकोश, हा चावट शोध तुमच्या मुलानं ऐकला असेलच. हल्ली तो प्रत्येक पार्टीत ऐकू येतो. ते उलटं आहे. नाव आधी फळाचं, दुसरा अर्थ आकारावरून थट्टेनं चिकटला. आपल्याकडे पोरं गोट्या खेळताना हसतात म्हणून गोटी शब्दाची व्युत्पत्ती तिथून सुरू होत नाही.

स्पॅनिश कानांनी मात्र खरी गंमत केली. आग्वाकाते हे नाव त्यांना जिभेवर आणताना वकिलाच्या जुन्या शब्दासारखं, ‘आवोकादो’सारखं वाटलं, आणि तेच रूप इंग्रजीत गेलं. फ्रेंचमध्ये तर आजही ‘आव्होका’ म्हणजे वकील आणि फळही. अनोळखी आवाज आला की कान ओळखीचा शब्द शोधतो. याचं सर्वांत गोड उदाहरण तुमच्या फ्रिजमध्ये आहे. ॲव्होकाडोला परका म्हणून नाक मुरडणारे लोक नवसारी-वलसाडकडचं ज्या फळाचं मिल्कशेक पितात, तो चिकू!

चिकू मराठी वाटतो ना? चीक, चिकट, चिकाटी यांच्या घरातला वाटतो. कच्चा चिकू चिरला की पांढरा चीक गळतो, म्हणून चिकू, असं सांगणारे मास्तर मी ऐकले आहेत. सरळ चूक. तोही आवाकात्लचा देशबंधू, मेक्सिकोचाच. नाहुआत्लमध्ये अशा गोड फळांना ‘त्सापोत्ल’ म्हणत, त्याचं स्पॅनिशमध्ये ‘सापोते’ झालं. आपल्या चिकूला तिथे ‘चिकोसापोते’ म्हणतात. स्पॅनिश लोकांनी ते झाड फिलिपिन्समध्ये नेलं. तिथे आजही त्याला नुसतं ‘चिको’ म्हणतात. शास्त्रीय नाव ‘मनिलकारा झापोटा’: पहिला शब्द मल्याळम, दुसरा नाहुआत्ल, दोघं एका झाडावर.

यातला ‘चिको’ आला कुठून, यावर दोन तट आहेत. एक म्हणतो ‘शिकोत्ली’पासून, म्हणजे भुंगा. भुंग्याचं सापोते, मधासारखं गोड म्हणून. दुसरा म्हणतो ‘त्सिक्त्ली’पासून, म्हणजे त्याच झाडाचा चीक, जो तिथले लोक चघळत. त्याचं स्पॅनिश रूप ‘चिकले’. १८७०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये टॉमस ॲडम्स यांनी त्याच चिकापासून च्युइंगगम बनवून विकायला सुरुवात केली, आणि ‘चिकलेट्स’ हे नाव त्याच शब्दावरून आलं. कोशकारांचा कल भुंग्याकडे दिसतो. मी चिकवाल्यांच्या तटात आहे आणि बाहेर येण्याचा विचार नाही. झाडाचं नाव तिथल्या लोकांच्या रोजच्या चघळण्यावरून पडलं असेल, की कधीतरी फुलावर आलेल्या भुंग्यावरून? शिवाय स्पॅनिश माणसाला ‘चिको’ ऐकू आलं की त्याच्या भाषेतला ‘लहान’ आठवला, मराठी माणसाला चीक आठवला. मास्तरांची व्युत्पत्ती चुकली खरी, पण माझं म्हणणं असं की हा शब्द आपल्याकडे इतका घट्ट बसला तो या चिकामुळेच. सापोते राहिलं असतं तर आज ते आपण बाटलीवरचं नाव वाचावं तसं वाचलं असतं.

असो. ताईंच्या सुनेनं काय केलं ते बाजूलाच राहिलं. कालवण म्हटलं की कालवायची पद्धतही आली. मेक्सिकोत त्यासाठी तीन पायांचा बसाल्टचा उखळवजा दगड वापरतात. त्याचं नाव मोल्काहेते. नाहुआत्लमध्ये मोल्ली अधिक काशित्ल, म्हणजे शब्दशः कालवणाचं भांडं. (माझा मुद्दा दगडात कोरलेला आहे, आणखी काय हवं?) आपल्या पाट्यासारखा दगडही तिथे आहे, त्याला मेटाटे म्हणतात. घरी दगडी खलबत्ता असेल तर तोच घ्या. आधी अर्धा लहान कांदा, एक हिरवी मिरची, थोडी कोथिंबीर आणि मीठ ठेचून घ्या. मग दोन पिकलेल्या फळांचा गर चमच्यानं काढून घाला, मोठे तुकडे राहतील इतपतच चेचा, अर्ध्या लिंबाचा रस पिळा. टोमॅटो घालायचा तर बिया काढून, बारीक चिरून शेवटी. मिक्सर लावला तर लापशी होते, कालवण होत नाही.

कांदा, कोथिंबीर आणि लिंबू स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून तिकडे गेले. जुन्या आवाकामोल्लीत फळ, टोमॅटो आणि मिरची एवढंच. आणि मिरची तिकडून आपल्याकडे आली, तीही मिऱ्याचं नाव पांघरून. पुन्हा तेच, कानाला ओळखीचं काही तरी लागतंच.

खंडेराव मार्केटच्या बाजूला मिळणारी फळं बहुधा दगडासारखी कडक असतात. कागदी पिशवीत पिकल्या केळ्याबरोबर ठेवा, केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं ती लवकर पिकतात. देठाजवळ अंगठ्यानं हलकंच दाबलं आणि ते लवलं की तयार. काळपट, खरबरीत सालीची हॅस जात तेलकट आणि घट्ट लागते. दक्षिणेतून येणारी मोठी हिरवी फळं बऱ्याचदा पाणचट असतात. ती वापरली तर लिंबू जरा बेतानं. बरोबर मक्याच्या चिप्स हव्याच असं नाही. जाडसर मसाला खाकरा छान लागतो आणि बाजरीचा रोटला तर कालवण या शब्दाची लाजच राखतो.

लिंगाचं काय? स्पॅनिशमध्ये ते पुल्लिंगी. पण परका शब्द मराठीत आला की तो आपल्या मनातल्या जातभाईचं लिंग घेतो. सून ‘ती’ म्हणत असेल, कारण तिच्या डोक्यात चटणी आहे. ‘तो ग्वाकामोले’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात ठेचा असतो. भरीत आणि कालवण दोन्ही नपुंसकलिंगी, म्हणून ‘ते ग्वाकामोले’. तुम्ही ‘ते’ म्हणत असाल तर निम्मी लढाई तुम्ही जिंकलेलीच आहे.

राहिली बी. एवढ्या थोरल्या बियेला आपल्याकडे बाठा म्हणतात, निदान आंब्याच्या बाबतीत तरी. आणि नाही, बाठ्यानं काही होत नाही. गर काळा पडतो तो हवेतला ऑक्सिजन आणि गरातलं एन्झाइम यांच्या संगतीनं. बाठा ज्या जागेवर बसतो तेवढीच जागा हिरवी राहते, कारण तिथे हवा पोचत नाही. त्याजागी लिंबू ठेवलंत तरी तेवढीच राहील. लिंबाचा रस काळं पडणं लांबवतो. बाकी काम झाकण्याचं: वाटी काठोकाठ भरा, पृष्ठभाग सपाट करा, प्लास्टिकचा पातळ कागद गराला चिकटवून बसवा किंवा वर पाण्याचा पातळ थर द्या आणि खाण्याआधी ओतून टाका. दुसऱ्या दिवशी वरचा थर थोडा तपकिरी झालाच तर चमच्यानं खरवडा. खालचं चांगलंच असतं.