कॅसिनोत ब्लॅकजॅक-रूलेटच्या जागी खेळणाऱ्याला तोट्याचे प्रकार आणतात हे खरं आहे का? टेबलावर बसण्याआधी काय बघावं?

तुम्ही कोल्हापूरहून मित्रांबरोबर गोव्याला निघालाय आणि सगळ्यात कमी मिनिममचं, म्हणजे कमीत कमी पैज छोटी असलेलं टेबल गाठायचा बेत आहे, म्हणून आधी हेच सांगतो: मिनिमम बघून बसू नका, पेआउट, म्हणजे जिंकल्यावर किती मिळतं ते बघून बसा.

तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. फक्त खेळाचं नाव सहसा बदलत नाहीत. पाटी ब्लॅकजॅकचीच असते, बदलते ती टेबलाच्या कापडावर छापलेली एक ओळ: ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहा किंवा चित्र आलं, तर किती पैसे मिळतील. पूर्वी तिथे सरसकट '३ ला २' असायचं. लास वेगासमध्ये त्या जागी '६ ला ५' येत गेलं आणि आता कमी मिनिममच्या बहुतेक टेबलांवर तेच दिसतं. ६ हा आकडा ३ पेक्षा मोठा, त्यामुळे नवख्याला उलट फायदाच वाटतो. हिशेब करून बघा. ५०० रुपये लावले आणि एक्का-राजा आला, तर ३ ला २ वर ७५० मिळतात, ६ ला ५ वर ६००. दीडशे रुपये तिथल्या तिथे गेले. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो आणि तासाला सत्तरेक डाव होतात, म्हणजे या एका ओळीपायी तासाला जवळपास ५०० रुपये जातात. कोणत्या पत्त्यांवर काय करायचं त्याच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे नीट खेळणाऱ्यावर चांगल्या टेबलाचा हाऊस एज, म्हणजे पैजेतून सरासरी कॅसिनोकडे जाणारा वाटा, अर्धा टक्का असतो, तो यामुळे १.९ टक्क्यांच्या आसपास पोचतो. जवळजवळ चौपट.

गुजरीत सोनं घेताना आपण भावाच्या पाटीवर न थांबता घडणावळ किती ते विचारतो. इथेही तसंच विचारायचं. कॅसिनोला प्रत्येक टेबलामागे डीलर, सुपरवायझर आणि जागेचा खर्च असतो. मिनिमम कमी ठेवलं की तो खर्च नियमांतून वसूल होतो. चांगले नियम म्हणूनच बहुधा मोठ्या मिनिममच्या टेबलांवर उरतात.

ब्लॅकजॅकमध्ये डीलरला आणखी दोन गोष्टी विचारा. एक्का-छक्कीच्या १७ वर (एक्का ११ धरून) तो थांबतो की आणखी पत्ता घेतो? घेत असेल तर आपलं सुमारे ०.२ टक्के नुकसान. आणि डीलरचे २२ झाले तर काय? एरवी २१ च्या वर गेला की डीलर हरतो. तो डाव 'पुश' म्हणजे बरोबरीत धरत असतील तर नियम फार जड आहे, बदल्यात मिळणारी 'फुकट डबल'सारखी (आपले पैसे न घालता पैज दुप्पट करायची) सवलत कितीही गोड वाटो. इन्शुरन्स, म्हणजे डीलरचा एक्का दिसला की त्याला ब्लॅकजॅक असेल अशी लावायची वेगळी पैज, घेऊच नका. सहा कॅटच्या खेळात त्यावर ७ टक्क्यांहून जास्त जातात.

रूलेटला काही विचारावं लागत नाही, चाक बघितलं की झालं. एकच शून्य असेल तर ३७ खाने. प्रत्येक खान्यावर १०० लावले तर ३,७०० जातात आणि परत येतात ३,६००, कारण पेआउट ३५ ला १ आणि वर तुमचे १००. दोन शून्यं असली तर ३,८०० लावून तेवढेच ३,६००. लास वेगासच्या व्हेनेशियनमध्ये २०१६ साली तीन शून्यांचं चाक आलं. त्यात ३,९०० लावायचे आणि परत तेच ३,६००. पेआउटला हात न लावता हाऊस एज २.७ वरून ५.२६ आणि पुढे ७.६९ टक्के झाला. दोन शून्यांच्या चाकावर '०-००-१-२-३' ही पाच आकड्यांची पैज तर ७.८९ टक्के खाते.

बॅकरॅटमध्ये, म्हणजे 'प्लेअर' आणि 'बँकर' या दोन हातांपैकी कोण जिंकेल यावर पैज लावायच्या पत्त्यांच्या खेळात, 'नो कमिशन' लिहिलेलं दिसलं की हुरळू नका. बँकरच्या जिंकण्यावरचं ५ टक्के कमिशन काढतात आणि बँकर ६ वर जिंकला तर अर्धेच पैसे देतात. बँकरवरच्या पैजेचा हाऊस एज १.०६ चा १.४६ टक्के होतो. 'टाय'ला (बरोबरीवरच्या पैजेला) ८ ला १ देतात, तिथे १४ टक्क्यांवर पाणी सोडावं लागतं.

अंदर-बाहर आपल्याकडे सगळ्यांना येतं म्हणून लोक तिथे बेफिकीर बसतात. पहिला पत्ता ज्या बाजूला पडतो, ती बाजू ५१.५ टक्के वेळा जिंकते. म्हणून त्या बाजूला १०० ला ९० देतात आणि दुसरीला पूर्ण १००. असं असेल तर पहिल्या बाजूवर २.१५ टक्के जातात, दुसरीवर ३. दोन्हीकडे ९०च देत असतील तर उठा.

पत्ते पिसायचं मशीन सतत चालू असलेल्या टेबलावर पिसण्यात वेळ जात नाही, तासाला डाव वाढतात आणि त्याच टक्केवारीने पैसे लवकर संपतात. एक गोष्ट या सगळ्याच्या बाहेरची: जीएसटी चिप्स घेतानाच लागतो, १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० आहे. १०,००० रुपये दिल्यावर हातात नेमक्या किती चिप्स येणार, हे काउंटरवर पैसे देण्याआधी विचारून घ्या.