कुत्रं, आरव्ही आणि ॲरिझोनाचं ऊन

प्रश्न : मार्चअखेर डॅलसहून आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन ॲरिझोना-युटाला निघतोय. सोबत आमचा लॅब्रेडॉर. राष्ट्रीय उद्यानांत त्याला नेता येईल ना?

उत्तर : गेटातून आत नेता येईल, पण पायवाटांवर बहुतेक ठिकाणी मनाई. ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवर, म्हणजे दक्षिण कड्यावर, वरच्या वाटेने खुशाल फिरवा. दरीत मात्र एक पाऊलही उतरवता येत नाही. झायनमध्ये त्याच्या वाट्याला एकच वाट, पारूस ट्रेल. आर्चेसमध्ये तीही नाही. म्हणून मी म्हणेन, पेट्रिफाइड फॉरेस्टला एक दिवस जास्त द्या. तिथे सगळ्या पायवाटा त्याला मोकळ्या आहेत. दोरी मात्र सहा फुटांचीच. ती आपोआप लांबणारी घरी ठेवा.

प्रश्न : एसी लावून कुत्र्याला आरव्हीत ठेवलं आणि आम्ही चार तास भटकून आलो तर चालेल?

उत्तर : मीही एकदा हेच केलं. मे महिना, युमाजवळचा कॅम्पग्राउंड. दुपारी सगळ्यांचे एसी एकदम घुमायला लागले आणि वीज गेली. आम्ही परतलो तेव्हा मायक्रोवेव्हचं घड्याळ १२:०० वर लुकलुकत होतं आणि आमचा वाघ्या बाथरूमच्या फरशीला पोट टेकून धापा टाकत होता. नशीब, वीज परत आली होती.

तेव्हापासून सिमकार्डवर चालणारा तापमानाचा अलार्म आत असतो. पण तो वाजल्यावर पंधरा मिनिटांत पोहोचू, इतकेच लांब आम्ही जातो. दरीत रेंज नसते, तिथे तो अलार्म नुसता शोभेचा! साउथ रिमला मुक्काम असेल तर लक्षात ठेवा, माथर कॅम्पग्राउंडला वीजजोडणीच नाही आणि जनरेटरही ठरावीक तासच चालवू देतात. जोडणी हवी तर ट्रेलर व्हिलेज हा कॅम्पग्राउंड. दिवसभर दरीत उतरायचं असेल तर साउथ रिमवरच केनेल, म्हणजे कुत्र्यांना सांभाळायची जागा, आहे. आधी बुकिंग करा, लसीकरणाचे कागद सोबत घ्या. उन्हाळ्यात जायचंच असेल तर फिनिक्स सोडून वर फ्लॅगस्टाफ गाठा. सुमारे २१०० मीटर उंचीवर कुत्र्यालाही माणसात आल्यासारखं वाटतं.

प्रश्न : टूसॉनजवळ कुत्र्याच्या पंजात चोया निवडुंगाचा गोळा रुतला. हाताने काढायला गेलो तर माझ्याच बोटांत घुसला!

उत्तर : सगळ्यांचंच होतं. खिशात रुंद दातांचा कंगवा ठेवा. कातडी आणि गोळा यांच्यामध्ये तो सरकवायचा आणि झटक्यात गोळा उडवायचा, आपल्यापासून लांब. उरलेले काटे पक्कडीने. तोवर दुसऱ्या कुणीतरी तोंड धरून ठेवा, नाहीतर तो पंजा चाटणार आणि काटे जिभेत जाणार. तोंडात गेलेच तर थेट डॉक्टरकडे.

प्रश्न : परतून महिना झाला, कुत्रा खोकतोय, जेवत नाही.

उत्तर : तपासायला उशीर करू नका. ॲरिझोनाच्या मातीत एक बुरशी असते. धुळीतून ती फुप्फुसांत गेली की व्हॅली फीव्हर होतो, आणि लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. एका कुत्र्याकडून दुसऱ्याला तो लागत नाही. तुमच्याकडच्या डॉक्टरांना हा आजार चटकन सुचेलच असं नाही. आपण कुठे फिरून आलो ते आधी सांगा आणि त्यासाठीची रक्ततपासणी मागून घ्या.