उजनीतली लाँच पाण्यात ठेवायची की काठावर?

(वाचकांचे प्रश्न. या वेळी उत्तरं देत आहेत व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून काम करून निवृत्त झालेले एक सोलापूरकर.)

प्रश्न : आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून. धरण झाल्यावर पलीकडे इंदापूर तालुक्यात जायला रस्त्याने लांबचा वळसा पडू लागला, तेव्हापासून इथे एक पोलादी लाँच चालायची. शाळेची पोरं, ऊसतोडीच्या टोळ्या, मोटारसायकली, एकदा तर नवरदेवासकट अख्खी वरात तिने पलीकडे नेली. आता ती काठाला बांधून पडली आहे. भंगारवाला भाव करून गेला. तरुण मंडळाचं म्हणणं, तिला रंगवून पाण्यातच तरंगतं संग्रहालय करू. भिगवणला फ्लेमिंगो बघायला येणारे इकडेही वळतील. तुम्ही बोटीवर होता, सल्ला द्या.
— एक वाचक, करमाळा तालुका

उत्तर : भंगारवाल्याला आधी नाही म्हणून कळवा, मग पुढचं वाचा.

बोट पाण्यात बघण्यात जी मजा आहे ती काठावर नाही, हे मला मान्य. पण माझी नोकरी इंजिनरूममध्ये गेली. मला कुठलीही बोट तळाकडून दिसते, आणि तिथून बघितलं तर रंगाचा प्रश्न फार पुढचा. पहिला प्रश्न असा की मे महिन्यात तुमच्या लाँचखाली पाणी असेल का? उजनीचं गणित मी तुम्हाला काय सांगायचं! एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे कालव्यांच्या दारांखाली राहणारं पाणी. उरलेल्यावर सोलापूर शहर, पंढरपूर, कालवे, कारखाने सगळ्यांचा डोळा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, म्हणजे मृतसाठ्यातलंही पाणी उपसलं गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की आपण गाड्या काढून बघायला जातो, पण त्याच दिवसांत तुमची लाँच चिखलात कुशीवर कलंडलेली असणार.

चिखलात बसलेली बोट सुरक्षित असते असं लोकांना वाटतं. ते खरं नाही. सगळा भार दोन-चार फासळ्यांवर येतो आणि मधला पत्रा आत दबतो. खरा धोका तर पाणी परत चढतं तेव्हा असतो. तळ चिखलात रुतलेला असला की चिखल त्याला धरून ठेवतो. बोट उचलली जायच्या आधी पाणी कललेल्या बाजूच्या काठावरून आत शिरतं आणि ती जागच्या जागी भरते. ऑगस्टमध्ये पुण्याकडच्या धरणांतून विसर्ग सुटल्यावर पाणी किती झपाट्याने वाढतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलंय.

मग पाणी जसं सरकेल तशी बोट सरकवत राहायची? राहा की. पण कोण सरकवणार? मंडळाची पोरं पहिल्या वर्षी हौसेने येतील. पुढे एकेकाला पुण्याला नोकरी लागेल. दोर ढिले-घट्ट करणं, बिल्जमधलं (बोटीच्या तळाशी साठणारं) पाणी रोज बघणं, पंपाला वीज आहे का बघणं, वळिवाचं वारं सुटलं की रात्री उठून जाणं, हे सगळं पगारी माणसाशिवाय होत नाही. हे मी उजनीवाल्यांना कमी लेखून म्हणत नाही. अमेरिकेत बफेलो शहरात 'द सुलिव्हन्स' ही महायुद्धातली विनाशिका तरंगतं संग्रहालय म्हणून उभी आहे, ती २०२२ च्या एप्रिलमध्ये धक्क्यालाच पाणी भरून कलली आणि अर्धवट बुडाली. 'टेक्सस' ही युद्धनौका १९४८ पासून संग्रहालय. तिचा तळ इतका गळायला लागला की २०२२ साली तिला ओढत गॅल्व्हेस्टनच्या गोदीत न्यावं लागलं आणि पोलाद बदलावं लागलं. त्यांच्याकडे पैसा होता, गोदी होती. आपल्याकडे उजनीत बोट कोरडी काढायला धड घसरगुंडीसुद्धा नाही.

अजून एक गोष्ट, मन घट्ट करून लिहितो. २०२४ च्या मे महिन्यात कळाशी आणि कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा माणसं गेली. त्या पाण्यावर जुन्या लाँचमध्ये तुम्ही शाळेची सहल चढवणार असाल, तर बोट धक्क्याला बांधलेली आहे एवढं पुरत नाही. फ्लेमिंगोचा थवा उठला की चाळीस पोरं एकाच कठड्याला धावतात. किती माणसं एका बाजूला गेल्यावर बोट किती कलते, हे वजनं ठेवून मोजावं लागतं, आणि ते बोटींच्या सर्व्हेअरकडूनच. इंजिनाच्या अंतर्देशीय बोटींना २०२१ चा कायदा लागू आहे. त्यात तपासणी आणि नोंदणी आली. ते टाळायची वाट मला विचारू नका.

तेव्हा माझं मत सरळ आहे. लाँच काठावर घ्या, धरण शंभर टक्के भरल्यावरही पाणी पोचणार नाही अशा उंचीवर. पाणी समोर दिसू दे, म्हणजे झालं.

उचलायच्या आधी पत्रा तपासा. लहान हातोडी घ्या आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. पाण्याच्या रेषेच्या वर-खाली वीतभर पट्टा असतो, जो कधी ओला कधी कोरडा राहतो, तो सगळ्यात आधी जातो. तिथे रंगाचे फोड आलेले दिसतील. एखादा फोड नखाने उचला. खाली पापुद्र्यांसारखा गंज सुटला तर तेवढी जागा खडूने आखून ठेवा. मग अल्ट्रासॉनिक गेजवाला बोलवा. साखर कारखान्यांचे बॉयलर तपासणारे लोक आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यांच्याकडे हेच यंत्र असतं. जेल लावून टोक टेकवलं की पडद्यावर जाडी येते. मूळ जाडीच्या पाव भागापेक्षा जास्त झिजलेला पत्रा कापून नवा घालायचा. वरून ठिगळ मारू नका. ठिगळाच्या मागे पाणी साठतं आणि गंज दुप्पट जोमाने चालतो.

काठावर ती उभी करताना लोखंडी पाळणा करायचा, आणि त्याचे टेकू फासळ्यांच्या बरोबर खाली यायला हवेत. दोन फासळ्यांच्या मधे टेकू आला की पत्रा आत जातो. कण्याखाली सलग लाकडी ठोकळे. क्रेनवाल्याला हे आधीच कागदावर काढून द्या, नाहीतर तो आपल्या सोयीने पट्टे टाकेल.

तुमचं एक नशीब थोर. उजनीचं पाणी गोडं आहे. ब्रिस्टलला 'ग्रेट ब्रिटन' नावाची लोखंडी आगबोट आहे, १८४३ ची. १९७० मध्ये ती फॉकलंड बेटांवरून घरी आणली, कोरड्या गोदीत ठेवली, तरी ती गंजतच राहिली, कारण समुद्राचं मीठ लोखंडात मुरलेलं होतं. शेवटी पाण्याच्या रेषेला काचेचं छत घालून खालची हवा यंत्रांनी वाळवंटासारखी कोरडी ठेवावी लागली. तुमच्या लाँचला तेवढे लाड लागणार नाहीत. तिचा शत्रू म्हणजे पावसाचं पाणी. काठावरची बोट आतून भरते आणि तळातून गंजते. सगळ्यात खालच्या बिंदूला भोक पाडून ठेवा, पुढे एक आणि मागे एक, आणि वर पत्र्याचं छप्पर टाका. छप्पर उन्हासाठीही हवंच. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये लोखंडी डेकवर अनवाणी पाय ठेवून बघा! जुना रंग घासताना तोंडाला मास्क, कारण त्यात शिसं असू शकतं. सायलेन्सरच्या पाइपला पांढरी दोरी गुंडाळलेली असेल तर तिला हात लावू नका. ती ॲस्बेस्टॉसची असण्याची शक्यता आहे, जाणकाराकडून काढून घ्या.

तोवर, म्हणजे ती पाण्यात आहे तोवर, मागे पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो त्या ग्लँडकडे (पाणी अडवणाऱ्या सांध्याकडे) लक्ष द्या. बंद पडलेल्या बोटी फार वेळा तिथूनच बुडतात. बोट चालत नाही, पॅकिंग वाळतं, थेंबाची धार होते आणि कोणाला पत्ता नसतो. पाणी आत घेणारे सगळे कॉक बंद करून बांधून टाका.

या सगळ्याच्याही आधी, शक्यतो याच आठवड्यात, लाँच चालवणाऱ्या तांडेलाला घेऊन बसा. मोबाइलवर रेकॉर्ड करा. वारं कुठून आलं की तो कुठल्या झाडावर नेम धरायचा, पाण्याखाली गेलेल्या गावांच्या भिंती कुठे लागायच्या, भाडं किती होतं, वरातीत कोण पाण्यात पडलं. विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाणबुडी किनाऱ्यावर काँक्रीटवर ठेवली आहे, तिथे निवृत्त नौसैनिक माहिती सांगतात आणि लोक त्यांच्याभोवती घोळका करतात. तुमच्या तांडेलाला मानधन द्या. रंगात चार पैसे कमी घाला.

प्रश्न : 'विक्रांत'सुद्धा मुंबईत तरंगतं संग्रहालय होती. मी मुलांना घेऊन गेले होते. एवढी मोठी नौका सरकारला सांभाळता आली नाही?
— निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर : बाई, तुमचा राग योग्य आहे. १९६१ ते १९९७ नौदलात सेवा. १९७१ ला तर एका बॉयलरला भेगा होत्या, वेग कमी पडत होता, तरी ती बंगालच्या उपसागरात गेली आणि तिच्या विमानांनी चितगाव, कॉक्सबझारवर हल्ले केले. बॉयलरची भेग म्हणजे काय हे इंजिनरूममध्ये उभं राहिलेल्यालाच कळतं. त्या खालच्या लोकांची नावं कोणी घेत नाही.

पण दोनशे मीटरपेक्षा लांब नौका खाऱ्या पाण्यात उभी करायची म्हणजे दर काही वर्षांनी तिला कोरड्या गोदीत न्यायला हवं. एवढी गोदी मिळणं सोपं नाही, तिथे चालू युद्धनौका रांगेत. संग्रहालयाचा विचार झाला, समित्या झाल्या, पण दरवर्षीचा खर्च कायमचा उचलणारा भागीदार मिळाला नाही. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने ती लोकांना बंद केली. २०१४ मध्ये साठ कोटींना भंगारात विकली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तरी मुंबईच्या दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात, ती तोडलीच. दुसरी विमानवाहू नौका 'विराट'ही २०२० मध्ये तोडायला गुजरातेत अलंगला गेली. माझ्या मते चूक १९९७ सालीच झाली. पहिल्याच दिवशी, तिकिटाच्या पैशावर अवलंबून नसलेला कायमचा निधी वेगळा काढायला हवा होता. तिकिटावर युद्धनौका जगत नाही, तुम्ही भरलेल्या तिकिटावरसुद्धा नाही.

प्रश्न : आपल्या कंबर तलावात एक खरी युद्धनौका आणून ठेवता येईल का?
— इयत्ता सातवी, विजापूर रोड

उत्तर : बाळा, आणायची कशी? रेल्वे पुलाखालून ती जाईल का, ते बाबांबरोबर जाऊन बघ. आणि तलाव उथळ, त्यात जलपर्णी. तुझी युद्धनौका तळाला टेकेल आणि वरून हिरवी होईल. रणगाडा मागितलास तर एक वेळ जमेल.

प्रश्न : जुन्या बोटीचं इंजिन संग्रहालयात चालू ठेवावं की बंद? चालू असलं तरच लोक थांबतात असं मला वाटतं.
— आयटीआयचा विद्यार्थी, अक्कलकोट रोड

उत्तर : थांबतात, खरं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत 'जेरेमाया ओब्रायन' नावाचं १९४३ चं मालवाहू जहाज आहे. ते अजून आपल्या वाफेच्या इंजिनावर चालतं, आणि १९९४ मध्ये ते स्वतःच्या ताकदीवर नॉर्मंडीपर्यंत जाऊन आलं. पण त्यामागे आयुष्यभर इंजिनं चालवलेले म्हातारे स्वयंसेवक होते. माणसं असतील तर चालव, नसतील तर नीट झोपवून ठेव.

झोपवायचं असं. जॅकेटमधलं, म्हणजे सिलिंडरभोवतीचं थंड करणारं, पाणी पूर्ण काढ. टाकीतलं डिझेल काढ, जुनं डिझेल चिकट होतं आणि खाली पाणी साठतं. इंजेक्टर खोलून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोड. मग आठवड्यातून एकदा फ्लायव्हील हाताने फिरवायचं, आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबवायचं. एकाच जागी थांबलं की रिंगा तिथेच चिकटतात आणि तेच तेच व्हॉल्व्ह दबून राहतात. पितळी आणि तांब्याचे सुटे भाग कुलपात ठेव, चोरांना संग्रहालयाचं काही कौतुक नसतं.

आतलं दाखवायचं असेल तर मूळ इंजिन कापू नकोस. एखाद्या विहिरीवरचं बंद पडलेलं किर्लोस्कर भंगारातून आण, ते अर्धं काप आणि शेजारी मांड. पिस्टन वर-खाली होताना दिसला की शेतकरी तासभर हलणार नाही.

इंजिनच्या नंबरप्लेटचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठव. कोणतं तेल घालायचं ते बघून सांगतो.