शंका-समाधान : कुत्र्याच्या जठरातले ‘सांधे’

प्रश्न : आमची नऊ वर्षांची लॅब्रेडोर मागच्या पायाने लंगडत होती, म्हणून घरातली नेप्रोक्सेन ही वेदनाशामक गोळी तिला दोन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी उलटी झाली; तीत कॉफीच्या पुडीसारखे काळपट कण होते. डॉक्टर म्हणाले, जठराच्या अस्तराचे सांधे सैल झाले आहेत. पोटात सांधे कुठले, आणि ते पुन्हा जुळतील का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : हे सांधे हाडांचे नव्हेत. जठराच्या आतल्या बाजूला एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या पेशींचा एकेरी थर असतो आणि प्रत्येक पेशीभोवती, आम्लाकडच्या टोकाशी, गळपट्ट्यासारखा एक बंद असतो; डॉक्टर म्हणतात तो सांधा हाच. या बंदातली मुख्य प्रथिने क्लॉडिन कुळातली. क्योटोतील शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने १९९८ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि ‘बंद करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून त्यांना नाव दिले. क्लॉडिनचे बाहेर आलेले दोन फास शेजारच्या पेशीच्या फासांना भिडतात, तर आतल्या बाजूने झेडओ-१ हे प्रथिन त्यांना पेशीच्या सांगाड्याशी जखडून ठेवते. जठरात क्लॉडिन-१८ विशेष महत्त्वाचे आहे : उंदरांमध्ये ते नाहीसे केले, तेव्हा आम्ल पेशींमधल्या फटींतून झिरपून जठराला सूज आली. (या सांध्यांविषयीची पुष्कळ माहिती, गंमत म्हणजे, १९५८ मध्ये एका कॉकर स्पॅनियलच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या आणि प्रयोगशाळांत आजही वाढवल्या जाणाऱ्या पेशींवरून मिळाली आहे.)

आता गोळीकडे वळू. जठर स्वतःच्याच आम्लाने जळत नाही, कारण त्यावर बुळबुळीत श्लेष्मा आणि आम्ल मारणारे बायकार्बोनेट यांचे पांघरूण असते, आणि ते टिकवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन ही शरीरातच तयार होणारी रसायने करतात. नेप्रोक्सेन दुखणे थांबवते ते नेमके प्रोस्टाग्लँडिन कमी करूनच. पांघरूण विरळ झाले की आम्ल पेशींपर्यंत पोहोचते, बंद सैल पडतात आणि पुढे व्रण होतो. तुम्ही पाहिलेले काळपट कण म्हणजे आम्लाने काळे पडलेले रक्त. शिवाय माणसाच्या रक्तातले नेप्रोक्सेन निम्मे व्हायला साधारण १२ ते १७ तास लागतात, कुत्र्याला मात्र सुमारे ७४ तास, कारण पित्तावाटे आतड्यात गेलेले औषध पुन्हा रक्तात शोषले जाते. त्यामुळे तुमची दुसरी गोळी जवळजवळ अख्ख्या पहिल्या गोळीवर चढली.

सांधे जुळतात. वरवरची इजा असेल तर कडेच्या पेशी काही तासांतच सरकून उघडी जागा झाकतात आणि नवे बंद बांधतात. खोल व्रणाला आठवडे लागतात. डांबरासारखी काळी शी किंवा पांढुरक्या हिरड्या दिसल्या, तर थांबू नये. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरकरांना दूर नाही. सकाळच्या पोह्यांतला घास तिला देऊ नये, कारण कांद्याने तांबड्या पेशी फुटतात आणि तिचे रक्त आधीच गेले आहे. लंगडण्यासाठी डॉक्टर दुसरे वेदनाशामक किंवा स्टेरॉइड सुरू करणार असतील, तर नेप्रोक्सेनची शेवटची गोळी कोणत्या तारखेला, किती मिलिग्रॅमची दिली होती, ते त्यांना आधी सांगावे.