कानातली किर्रकिर्र आणि ४५ गुण

प्रश्न : मिस्टरांच्या दोन्ही कानांत दोन वर्षं रातकिड्यासारखी किर्रकिर्र आहे. तपासणीत आवाज त्यांच्या ऐकू येण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम ६ डेसिबल वर निघाला, तरी रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. टिनिटसच्या, म्हणजे कानातल्या या आवाजाच्या, २५ प्रश्नांच्या फॉर्मवर मार्चमध्ये ५२ गुण होते, जूनमध्ये ४५. फरक पडला म्हणायचा का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी बेरीज पुन्हा करा. ‘टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी’ या फॉर्ममध्ये ‘हो’ला ४, ‘कधी कधी’ला २, ‘नाही’ला ०. बेरीज सम संख्याच येणार; ४५ येऊच शकत नाही. ४४ असतील तर गुण ८ने उतरले, ४६ असतील तर ६ने. साधारण ७ गुण उतरले की माणसाला फरक जाणवतो असं धरतात, म्हणजे चूक नेमकी काठावरच झाली आहे. ३८ ते ५६ हा ‘मध्यम’ त्रास, तो तर दोन्ही वेळा तोच.

डेसिबलवर जाऊ नका. आवाज बारीक असूनही त्रास मोठा असणं यात नवल नाही. लक्ष तिकडेच लागणं, भीती आणि जागरण यांनी तो वाढतो. म्हणून तर फॉर्म.

फॉर्म त्यांनी एकट्याने भरावा. बायको प्रश्न वाचून दाखवत असली की पुरुष ‘नाही, नाही’ म्हणत सुटतात! पहिल्यांदा इंग्रजीतून भरला असेल तर पुढेही इंग्रजीतूनच. ‘गेल्या आठवड्यात’ अशी मुदत त्यात नसते, त्यामुळे उत्तर त्या दिवसांच्या मनःस्थितीवर जातं. गणपतीचे दहा दिवस टाळा. दुसरा प्रश्न आवाजामुळे लोकांचं बोलणं ऐकायला जड जातं का, असा आहे. ऐकूच कमी येत असेल तर तिथे फुकटचे ४ चढतात. ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट शेजारी हवा.

या फॉर्ममध्ये जीव नकोसा होण्याबद्दल एकही प्रश्न नाही. त्यासाठी ‘पीएचक्यू-९’ हा नैराश्याचा नऊ प्रश्नांचा फॉर्म वेगळा भरून घ्या. त्यात गेल्या दोन आठवड्यांचं विचारतात. २७पैकी १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. झोपेचा प्रश्न तिथेही आहे, तेव्हा टिनिटसच्या जागरणाने आकडा थोडा फुगतो. नवव्या, जीव नकोसा होण्याच्या प्रश्नावर मात्र १ जरी आला तरी बेरीज बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

जूनचा कागद टाकू नका. सातवा प्रश्न झोप लागण्याचा आहे. तिथला ‘हो’ ‘कधी कधी’वर आला का, ते आधी बघा.