रिपोर्ट नॉर्मल, मग मान का दुखते?

“मॅडम, एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल. मग ही अभ्यास टाळायला सोंग करते का?” पिंपळगाव बसवंतहून आलेल्या आईने लेकीच्या देखतच विचारलं. नाशिकात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मेडिकल, डेंटल, नर्सिंगची पोरं भरपूर. समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला नवा नाही.

मुलगी बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या, तिसऱ्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मान आणि उजवा खांदा भरून येतो, रात्री झोप नाही, सकाळी उठवत नाही. गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं.

आईला म्हटलं, “ताई, एक्स-रेत हाड दिसतं. आखडलेला स्नायू दिसत नाही, बुडालेली झोप तर नाहीच नाही. झोप कमी झाली की दुखणं जास्त जाणवतं आणि दुखलं की पुन्हा झोप उडते. सोंग नाही हे.”

मग मुलीला विचारलं, वरच्या मागच्या दाढेचं स्केलिंग (दातांवरची कीट खरवडून काढणं) कशी करतेस, बसून दाखव. तिने हातात पेन धरलं. मान वाकडी, उजवा खांदा कानाला टेकायला आलेला, आणि श्वास रोखलेला. पेशंट नसतानासुद्धा! “तोंडात धरायच्या छोट्या आरशात बघून करायचं असतं, पण वेळ जातो. कोटा पुरा व्हायला हवा ना.” कोटा म्हणजे ठरवून दिलेल्या केसेस.

आई बाहेर गेल्यावर मुलगी मोकळी झाली. “पेशंटने तोंड उघडलं की मला माणूस दिसत नाही, कोट्यातला आकडा दिसतो. परवा एका आजोबांवर खेकसले. मी अशी नव्हते हो.” मानेपेक्षा त्या आजोबांसाठी जास्त रडली. वडिलांनी द्राक्षाच्या पैशातून फी भरलेली, त्यामुळे घरी ब्र काढायची सोय नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउटच्या तीन खुणा आहेत: पार थकून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आपल्याला काही जमत नाही असं वाटणं. तिच्यात तिन्ही होत्या. तिथे हा आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदलाय. ती विद्यार्थिनी खरी, पण दिवसभर ओपीडीत करते ते कामच की!

अशा पोरीला नुसतं “योगा कर” सांगणं मला थट्टाच वाटते. फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पेशंटचं तोंड आपल्या कोपराच्या उंचीला आणायचं, दोन पेशंटच्या मध्ये उठून उभं राहायचं, एवढं तिने धरलं. कोट्याबद्दल शिक्षकांशी बोलायला मात्र फार घाबरत होती. काय बोलायचं ते आम्ही माझ्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं. त्यांनी मुदत वाढवून दिली. “आमच्या वेळी नव्हतं असलं काही” हे ऐकवलंच.

चिडचिड आधी गेली, मान हळूहळू. परीक्षा आली की अजून दुखते.

आईचा शेवटचा प्रश्न: “ह्यांना काय सांगू?” म्हटलं, “मान खरंच दुखते, असं सांगा. आणि फीचा विषय जेवताना काढू नका.”

हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडत असेल, तर माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर दिवसरात्र केव्हाही फोन लावा, मराठीत बोलता येतं.